कपाटातली निरीक्षणं

कोकणातल्या एका काजू संशोधन केंद्रात डॉ. रणदिवे म्हणजे मोठं प्रस्थ. काजूचा मोहर सुकवणारी ढेकण्या कीड कधी आणि कशी वाढते, याची कित्येक वर्षांची निरीक्षणं त्यांच्याकडे होती. यंदा कीड वाढली आणि बागायतदार हवालदिल झाले. तेव्हा केंद्राच्या ग्रंथपाल वैजयंतीबाईंनी ती निरीक्षणं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करायची परवानगी मागितली.

साहेब हसले. "बाई, पुस्तकं सांभाळा तुम्ही. उद्या कुणी माझं काम उचलून आपल्या नावावर खपवलं तर? माझ्या कपाटातच ते सुखरूप आहे."

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, गावदेवीच्या गळ्यातला हार सगळा गाव बघतो. म्हणून कुणी चोरलाच, तरी त्याला तो घालून मिरवता येत नाही. कपाटातला दागिना मात्र चोराच्या गळ्यात दिसला, तरी तो तुमचा हे ओळखणार कोण? ग्रंथालय तुमच्या कामावर तुमचं नाव आणि तारीख घालून ते चारचौघांत ठेवील."

साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "नाव जरा ठळक घाला."

त्याच आठवड्यात बागायतदार मोबाईलवर ती निरीक्षणं वाचून फवारणीचा दिवस ठरवू लागले, आणि साहेब भेटेल त्याला विचारू लागले, "काय हो, बघितलीत का?"