फळीवरची कोरी जागा

अवजारं बोलायची आणि माणसांना ते ऐकू यायचं, त्या काळात एका गावी छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांचं मंडळ होतं. तिथली अवजारं सगळ्यांची. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली असे, आणि काम झालं की ते आपल्या आकृतीवर परत टांगायचं.

बारीक टोकाच्या चिमट्याला हे खपत नसे. "टोकं झिजवायची मी आणि शाबासकी मिळवायची या माणसांनी!" असं म्हणत एका दुपारी तो कपाटामागे जाऊन बसला. शेजारची कानस रोज त्याचीच टोकं घासून सरळ करायची, हे तो सोयीस्कर विसरला.

मंडळ तेव्हा आपल्याच खोलीची प्रतिकृती करत होतं. तिच्यातल्या फळीवर तिळाएवढी अवजारं लावायची होती.

"अरे चिमट्या, कुठे तडमडलास?" मंडळातल्या दळवीकाकांनी तीनदा हाक मारली. चिमटा कपाटामागे गालातल्या गालात हसत राहिला.

"राहू दे," नसरीनआपा म्हणाल्या. "खोलीत दिसतं तेवढंच करायचं, हा आपला नियम आहे." त्यांनी सुईच्या टोकाने बाकीची अवजारं लावली. चिमटाच नाही म्हटल्यावर छोट्या फळीवर त्याची आकृतीसुद्धा काढली नाही.

दुसऱ्या दिवशी चिमटा बाहेर आला. मोठ्या फळीवर त्याच्या जागी नुसतं कोरं लाकूड होतं, अगदी छोट्या फळीसारखं. तो दळवीकाकांच्या कानाशी ओरडला. काकांनी डास हाकलावा तसा हात झटकला.

घाबरून तो कानशीकडे वळला. "अगं, माझी जागा कुठे गेली?"

कानस अदबीने म्हणाली, "आपण कोण?"