पूजलेले यंत्र आणि उघडा नळ

एका जंगलात जांभळाच्या जुन्या झाडावर, वरच्या ढोलीत, एक खार राहत असे. मोठी टापटिपीची. तिने कपडे धुण्याचे यंत्र घेतले, तेव्हा ते बसवून देणाऱ्या माकडाने तिला बजावले होते, "धुणं झालं की मागचा नळ बंद करायचा, आणि रबरी पाइप अधूनमधून हाताने चाचपून पाहायचा." खार "हो हो" म्हणाली. पण बटण दाबले की यंत्र थांबतेच, मग नळासाठी रोज मागे कोण वाकणार? तिने यंत्राला भरतकामाचे कव्हर शिवले. समोरून ते इतके देखणे दिसे, की त्याला मागची बाजूही असते हे ती विसरूनच गेली.

झाडाच्या बुंध्यात, खारीच्या बरोबर खाली, एक उंदरीण राहत होती. तिला नुकतीच चार पिल्ले झाली होती. अजून त्यांचे डोळेही उघडले नव्हते. एक दिवस ती वर येऊन हळूच म्हणाली, "ताई, आमच्या छताला ओल आलीय. तुमचं मशीन गळत नाही ना?"

"छे गं, तीन वर्षांत एकदा कुरकुरलं नाही ते. पावसाची ओल असेल, वाळेल आपोआप," खार म्हणाली. उंदरीण पडली भिडस्त. ती खाली गेली आणि तिने पिल्लांचे अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात सरकवले.

दसरा आला. खारीने यंत्र पुसले, त्याला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. "आज तुला विश्रांती हं," असे म्हणून ती आपट्याची पाने घेऊन जंगलभर सोने वाटायला गेली. यंत्र विश्रांती घेत होते खरे. पण नळ उघडाच होता, आणि पाण्याचा सगळा जोर मागच्या फुगलेल्या पाइपवर होता. दुपारी पाइप फाटला.

खार परतली, तेव्हा ढोलीतून पाण्याचा लोट खाली वाहत होता. नळ पिरगळून ती बुंध्याकडे धावली. लोट दारातूनच आत येत असल्यामुळे उंदरणीला बाहेर पडता आले नव्हते. ती गळाभर पाण्यात उभी होती. तीन पिल्ले तिने उंच कोनाड्यात ठेवली होती, चौथे डोक्यावर धरले होते. ते गारठून निपचित पडले होते. खारीने त्याला शेपटीत गुंडाळले आणि उन्हात बसून ती त्याला चोळत राहिली. माकडाचा शब्द न् शब्द तिला आठवत होता, आणि स्वतःची लाज वाटत होती. बऱ्याच वेळाने पिल्लू 'चूं' करून हलले. तेव्हा कुठे खारीला रडू फुटले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तू सांगायला आलीस, तरी मी एकदा वाकून पाहिलं नाही."

उंदरणीने पिल्लाला पोटाशी घेतले. "पूजा तुम्ही मनापासून केलीत, ताई," ती म्हणाली, "पण समोरून. पाणी मागून आलं."

तात्पर्य : यंत्रापुढे हात जोडण्याआधी त्याच्यामागे एकदा हात घालून पाहावा; आपण उघडा ठेवलेला नळ शेजाऱ्याचे घर बुडवतो.