डिकीत काय सापडलं?

निवृत्त शिक्षिका इंदुमती आरवाडे यांनी भंगारातून जुनी ऑस्टिन उचलली आणि खपून तिला पुन्हा रस्त्यावर आणलं. पण गाडीला कागद नव्हते. नोंदणी अधिकाऱ्याला पहिल्यापासूनच संशय. कुणाचा हक्क असेल तर सांगावा, अशी जाहीर सूचना त्याने काढली.

मुदत संपता संपता गावचे बडे प्रस्थ आबासाहेब इंगवले कचेरीत हजर झाले.

"ही माझ्या वडिलांची गाडी. चोरीला गेली होती."

अधिकाऱ्याने समोर बसलेल्या बाईंकडे चोराकडे पाहावं तसं पाहिलं. पण या आबासाहेबांच्या वडिलांचे धंदे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होते, आणि ते बाईंना वेळेवर आठवलं.

"त्यांची असेल तर खुशाल न्यावी," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त डिकीत जे सापडलं, त्याचा जबाबही त्यांनीच द्यावा."

"क... काय सापडलं?"

"मालकाला ठाऊक असेलच की!"

आबासाहेबांना घाम फुटला. त्यांनी खिडकीतून गाडीकडे पुन्हा निरखून पाहिलं. "छे! आमची काळी होती. ही आमची नव्हेच."

"तसं लिहून द्या," अधिकारी म्हणाला.

सही ठोकून आबासाहेब पसार झाले. अधिकाऱ्याने दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, खरं सांगा. काय होतं आत?"

"अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी, साहेब. कागद तिच्याकडेही नव्हते, पण आबासाहेबांपेक्षा ती जास्त वेळ टिकली!"