पांगाऱ्याचा नाच

त्या राज्यात वाट तोंडानं सांगायची पद्धत नव्हती. ती नाचून दाखवायची. कड्याच्या पोटाला एक भलंमोठं पोळं लोंबत होतं, तेच राज्य. जिला फुलांचा पत्ता लागला तिनं पोळ्यावर येऊन नाचायचं. ती जिकडं तोंड करून पळेल तिकडं फुलं, आणि जितका वेळ कंबर हलवेल तितकी ती लांब. बाकीच्या माश्यांनी तिच्या अंगाला मिशा लावून नाच वाचायचा आणि उडायचं. जिच्या नाचामागं पोळं उडे ती पुढारीण. राणीही होती, पण तिला अंडी घालण्यापलीकडं कशाशी देणंघेणं नव्हतं. राण्यांचं तसंच असतं.

पुढारणी आपोआप होत नाहीत, घडवाव्या लागतात, एवढी अक्कल त्या राज्याला होती. म्हणून शाळा होती. धुरकीबाई शिकवायच्या. रंगानं धुरकट, पंखांच्या कडा झिजलेल्या, जीभ मात्र धारदार. तरुणपणी ह्याच बाईंनी डोंगरापलीकडचं पांगाऱ्याचं बन शोधून काढलं होतं. त्या वर्षी पोळं मधानं असं जड झालं, की कडा सोडतंय की काय अशी भीती वाटावी. तेव्हाच्या जाणत्यांनी ठरवलं, हा नाच विसरता कामा नये. तेव्हापासून शाळेत तोच एक नाच.

"कंबर! कंबर हलव गं, सगळं अंग काय घुसळतेस?" बाई ओरडायच्या. "वळण चुकलं. पुन्हा."

चुणचुणी नावाची एक आगाऊ पोर होती. तिनं एकदा विचारलं, "बाई, तिथं सध्या काय फुललंय?"

"तुला आधी सरळ पळता येऊ दे. मग फुलांच्या चौकशा कर."

आणि खरं सांगायचं तर नाच वाचून जाणाऱ्या माश्या कधीपासून रिकाम्या परतत होत्या. पण रिकामी आली म्हणजे तिनं नाच वाचताना चूक केली, असा तिथला न्याय. अशीला लहानग्यांच्या वर्गात परत बसवायचे. जाणत्या माशीला तोंडावर अजून दूध असलेल्या पोरींत बसायला कसं वाटेल? मग बाया शहाण्या झाल्या. बाहेर चकरा मारायच्या, परतताना मागच्या अंगानं साठ्यात शिरून गुपचूप पोट भरायचं, आणि फुगलेल्या पोटानं दिमाखात मिरवायचं. ह्यानं अब्रू राहिली. मध राहिला नाही.

एक दिवस पिलं सांभाळणारी दाई पोळ्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. "तळ लागला," ती म्हणाली. "उद्यापासून पिलांच्या तोंडात घालायला माझ्याकडं काही नाही. कुणी काय करायचं ते करा."

सगळ्यांच्या नजरा शाळेकडं वळल्या. बाईंनी आपली सगळ्यात गुणी पोर पुढं केली. सोनसळी. हिचा नाच असा, की रेघ ओढावी. सोनसळी नाचली, बाईंचा ऊर भरून आला, आणि अर्धं पोळं तिच्यामागं उडालं.

ऊन उतरताना ते परतलं. गेलं तेवढं नाही आलं. दमून वाटेतच पडल्या होत्या कितीतरी. सोनसळी नाचायच्या जागेवर आली आणि नुसती उभी राहिली. उरल्यासुरल्या साठ्यात शिरून पोट फुगवणं तिला जमलं असतं. तिनं ते केलं नाही.

"तिथं काही नाही," ती म्हणाली.

"चुकली!" गर्दी ओरडली. "बसवा हिला लहानग्यांत!"

सोनसळीनं बाईंकडं पाहिलं. "बाई, तुम्हीच सांगा. मी चुकले का?"

'चुकली' म्हटलं असतं तर शाळाही वाचत होती आणि बाईही. पण ह्या पोरीचं पाऊल न् पाऊल त्यांनी घासून घेतलं होतं. ती चुकणं शक्य नव्हतं.

"उजाडलं की मला घेऊन चल," बाई म्हणाल्या.

"तुमचे पंख, बाई..."

"माझ्या पंखांचं मला सांगू नकोस. तू पुढं उड."

सकाळी सोनसळी पुढं आणि बाई मागं. जन्मात पहिल्यांदा बाई कुणाच्या मागं उडत होत्या, आणि ते काही त्यांना गोड वाटत नव्हतं. डोंगर ओलांडला. बनाच्या जागी काळे बुंधे उभे होते. वणवा कधीच येऊन गेला होता. राखेवर उगवलेलं गवतसुद्धा वाळून पिवळं पडलं होतं.

बाई एका बुंध्यावर टेकल्या. सोनसळी वर्गात उभी राहायची तशी समोर उभी राहिली. "आता कुठं, बाई?"

बाईंचं तोंड सवयीनं उघडलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे?"

"म्हणजे ठाऊक नाही! बहिरी आहेस का? वारा हुंग, फिर, बघ."

"हे तुम्ही कधी शिकवलंच नाहीत," पोर रडकुंडीला आली.

"नाही शिकवलं. आता रडत बसतेस, का उडतेस?"

सोनसळी उडाली. माळाकडं गेली, हात हलवत परत आली. बाईंच्या जिभेवर शेलकं काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पोर दरीकडं गेली, तिथूनही रिकामीच आली. बाईंनी तेही गिळलं. वाऱ्यात कसलातरी ओलसर गोड वास त्यांना आला होता, पण सांगितला नाही. बसून राहिल्या. हे बसून राहणं त्यांना डोंगर ओलांडण्यापेक्षा जड गेलं. पोर बराच वेळ हवेत नुसती घिरट्या घालत राहिली, मग एकदम खाली वळली आणि दिसेनाशी झाली.

परतली तेव्हा तिचे पाय फिकट पिवळ्या पुडीनं लडबडले होते. "बाई! जांभळी! ओढ्याच्या काठानं सगळ्या फुलल्यात! चला, दाखवते..."

"मला काय दाखवतेस? मी एकटी खाऊन पिलं जगतील का? पोळ्यावर पळ."

बाई रखडत, बसत-उठत मागून पोचल्या. पोळ्यावर सोनसळी नाचत होती, आणि काय तो नाच! वळणावर अडखळत होती, कंबर मधेच थांबत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. असला नाच शाळेत कुणी पाहिला नव्हता. गर्दी चार पावलं लांब उभी राहून कुजबुजत होती. दाई पिलांच्या तोंडाशी रिकामी बसली होती.

धुरकीबाई गर्दीतून वाट काढत आत शिरल्या. त्यांनी आपल्या मिशा सोनसळीच्या पाठीला लावल्या आणि तिच्यामागं अडखळत अडखळत वाचू लागल्या. ती पडली तिथं ह्याही पडल्या. कुणीतरी हसलं. मग चुणचुणी पुढं झाली आणि बाईंच्या मागं लागली. तिच्यामागं आणखी एक. बघता बघता रांग लागली, आणि रांग उडाली. पिलांच्या तोंडात त्या संध्याकाळी जांभळीचा रस पडला.

आता सकाळी शाळेत गेलात तर तिथं कुणी सापडत नाही. पोरी चहूकडं पांगलेल्या असतात. दिवस कलला की परततात आणि पोळ्यावर एकच गोंधळ उडतो. कुणी इकडं नाचतेय, कुणी तिकडं, एकमेकींवर आदळतायत. धुरकीबाईंना आता उडवत नाही. त्या ह्या गोंधळातून वाट काढत एकेकीजवळ जातात, वाकतात, आणि नाचाकडं न बघता आधी तिचे पाय हुंगतात.