गेरूची फुली

एका बाजारगावात साबाजी नावाचा एक वसुलीदार होता. सावकाराचं देणं थकलं की तो त्या घराच्या चौकटीवर गेरूची फुली ओढी. फुली दिसली की वाणी उधार देत नसे, सोयरिकीला आलेले पाहुणे उंबऱ्यावरूनच मागे फिरत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोक दाराला तोरणं बांधत आणि साबाजी गावभर फिरून फिकट पडलेल्या फुल्या उजळी. देणं फिटलं का, हे विचारायची रीत नव्हती.

कोंडाबाई बुरडीण सुपं-टोपल्या विणून पोट भरी. एक पावसाळा ती तापाने अंथरुणाला खिळली आणि बांबूसाठी काढलेलं कर्ज थकलं. फुली पडली. बरी झाल्यावर तिने कानातल्या कुड्या मोडल्या आणि पै न पै फेडली. फुली मात्र जागची हलली नाही.

"दादा, आता पुसा की. माझ्या तानीचं लगीन खोळंबलंय," ती साबाजीला म्हणाली.

"मला लावायचं सांगितलंय, बाई. पुसायचं काम माझं नाही."

ती सावकाराकडे गेली. तो म्हणाला, "उशीर झाला होता, हे तर खरं ना?"

दसरा आला. साबाजीने तिची फुली नेमाने उजळली. त्याच आठवड्यात मायलेकींनी गाव सोडलं. फुलीचं घर कोण घेणार? ते साबाजीनेच मातीमोल भावात घेतलं, चौकटीवर चुन्याचा हात फिरवला आणि नोकरी सोडून लेकीसह तिथे राहायला गेला. भलताच खूश होता बेटा!

पुढच्या दसऱ्याला नव्या वसुलीदाराला चुन्याखालून गेरू डोकावताना दिसला. त्याने तो उजळला. साबाजीच्या लेकीला बघायला आलेले पाहुणे पाणीही न पिता परतले.

साबाजी धावत गेला. "अरे, मी कुणाचा छदामही लागत नाही!"

"असेल, काका. पण मला उजळायचं सांगितलंय. पुसायचं काम माझं नाही."

साबाजीने रागारागाने चौकट खरवडली. आता लोक त्या खरवडलेल्या लाकडाकडे बघत आणि म्हणत, "इथं काहीतरी लपवलंय." पाहुणे पुन्हा आले नाहीत.

तेव्हा त्याला कोंडाबाई आठवली. माफी मागावी म्हणून तो तिला शोधत चार गावं हिंडला. शेवटी एका बाजारात तानी एकटीच टोपल्या विणताना भेटली. त्याने मान खाली घालून आईची चौकशी केली.

"आई गेली," तानी म्हणाली. "शेवटपर्यंत विचारत होती, फुली पुसली का म्हणून. मी 'हो' म्हणाले."



तात्पर्य: चुकलेल्याची नोंद करणाऱ्याने फेडलेल्याची नोंदही तितक्याच तत्परतेने करावी, नाहीतर देणं फिटतं आणि शिक्षा तेवढी उरते.