एका रुपयात साऱ्या शहराचे दात

उंबरदऱ्यात कुणाचे दात टिकेनात. दहा-दहा वर्षांची पोरं गालाला फडकं बांधून हिंडत. राजा भैरवसिंहाची दाढही ठणके. पण राजा हट्टी! एकदा काढा कडू लागला, तेव्हापासून औषध तोंडात घ्यायचे नाही अशी शपथ घेऊन बसलेला.

राजवैद्य त्र्यंबकबुवांनी उपाय आणला. डोंगरातल्या पांढऱ्या दगडाची पूड. रोज किंचित पोटात गेली तर चांगला दात सहसा किडत नाही. जास्त झाली तर दातांवर डाग पडतात.

"पूड महाग आहे?" राजाने विचारले.

"पूड जवळजवळ फुकट, महाराज. पण मापाने द्यायला घरोघर माणूस हवा. दोनशे मदतनीस, त्यांचा पगार, माझी पालखी. वर्षाला चाळीस हजार!"

राजवाड्यात पाणी ओतायला आलेली जैतून फिसकन हसली. म्हाताऱ्या कासम पखालजीची ही लेक. बापलेक शहराच्या एकुलत्या हौदावरून कातडी पखालीत पाणी भरून घरोघर पोचवत.

"हसायला काय झालं गं?" राजा कडाडला.

"पालखीला हसले, महाराज. दात दुखतात लोकांचे आणि पाय दुखतात वैद्यबुवांचे!"

"जीभ लांब आहे हिची!" त्र्यंबकबुवा तडकले.

"वैद्यबुवा, एक दात उपटायचं काय घेता?"

"एक रुपया. का?"

"तेवढ्यात साऱ्या शहराचा महिना भागेल."

राजाने मिशीवर हात फिरवला. "मग भागव! हा घे रुपया. रोज, मापात, शहरातल्या प्रत्येक तोंडात पूड गेली पाहिजे. एक जरी माणूस सुटला, तर पखाल जप्त आणि तुम्ही दोघं हद्दीबाहेर!"

घरी कासमने कपाळावर हात मारला. "या वयात कुठे जाऊ मी? अगं, राजाचं तोंडही शहरातच आहे! त्याला कोण चारणार?"

"आधी जेवा, अब्बा," जैतून म्हणाली.

सकाळी तिने बाजारातून मोठे मडके घेतले. महादेवाच्या पिंडीवर टांगतात तसे तळाला बारीक भोक पाडले. वैद्यांकडून माप विचारून घेतले आणि पूड कालवून मडके भरले. ते हौदात पाणी येते त्या तोंडावर टांगले. थेंब-थेंब पडू लागला; मडके ती रोज पुन्हा भरी. उरलेल्या पैशांत दवंडी पिटली, की हौदाच्या पाण्यात दातांचे औषध आहे. कुणीच नको म्हणाले नाही.

महिन्याने दरबार भरला.

"महाराज, हिनं एकाही घरात पूड वाटलेली नाही!" त्र्यंबकबुवा ओरडले.

जैतून वळली. "ज्यानं महिनाभर पाणी प्यायलं नाही, त्यानं पुढे यावं!"

कोण येणार? त्र्यंबकबुवांनी सकाळचा तांब्या आठवून तोंड मिटले.

राजा मात्र हसला. "हरलीस, पोरी! एक तोंड सुटलं. माझं! मी औषध घेत नाही."

"महाराज, हौदाची पहिली पखाल कुणाच्या घरी जाते?"

"माझ्या! तो माझा मान आहे. माझ्याआधी कुणी घोट घेतलेला मला खपत नाही."

"म्हणजे शहरात सगळ्यांच्या आधी औषध कुणी घेतलं?"

राजाचा हात गालावर गेला.

"मला न सांगता?"

"दवंडी पिटली होती, महाराज. पण दवंडी तुमच्याच नावानं असते. तुम्ही कशाला ऐकाल?"

"आणि माझी शपथ?"

"शपथ कडू काढ्याची ना? महिनाभरात एक तरी घोट कडू लागला असेल, तर आम्ही आत्ता निघतो."

राजाने जीभ दातांवरून फिरवली, विचार केला आणि खदखदून हसला. इतका, की उरलेले दात साऱ्या दरबाराने मोजले!

"कडू कसला! गोड होतं! कासमची पखाल वंशपरंपरा त्याच्याकडेच राहील. आणि आजपासून जैतून हौदाची कारभारीण. पगार राजवैद्याइतका!"

"महाराज, मग मी?" त्र्यंबकबुवांनी विचारले.

"तुम्ही दगड कुटून द्या. डोंगरापर्यंत पालखी मिळेल!"