पडदा आणि काळी शलाका

पूर्वी वेत्रवती नगरीत राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे न्यायाधीशाच्या आसनावर बसत असे. त्या जन्मी त्याचं नाव विशाख. ज्याला पुढे जगाला शांती शिकवायची होती, तो तेव्हा किती तळमळला याचीच ही गोष्ट आहे. त्यामुळे त्याला आधीच देव करून बसू नका.

त्या नगरीच्या दोन रीती होत्या. पहिली पडद्याची. न्यायाधीश जाड पडद्याआड बसून दोन्ही बाजू ऐके. तोंड पाहिलं की माणूस मिंधा होतो, असं जुनी माणसं म्हणत. ऐकून झालं की आतून घंटेचा टोल पडे. एक टोल म्हणजे दोषी, दोन म्हणजे निर्दोष. कशावरून, हे कुणी विचारायचं नाही.

दुसरी रीत शलाकेची. दर तीन वर्षांनी, सुगी आटोपली की नगरजन चौकातल्या रांजणात एकेक लाकडी काडी टाकत. तिला शलाका म्हणत. पांढरी टाकली तर न्यायाधीश राहू दे, काळी टाकली तर घरी जाऊ दे. ही रीत काही सुखासुखी आली नव्हती. विशाखाच्या आधीचा न्यायाधीश राजाने मरेपर्यंत म्हणून नेमलेला. तो पडद्याआड खुशाल झोपा काढी, त्याचं घोरणं फिर्यादीला ऐकू येई, आणि ज्याच्या घरून तुपाचा बुधला आला असेल त्याच्या बाजूने टोल पडे. लोकांनी राजवाड्यापुढे ठाण मांडलं, तेव्हा कुठे शलाका मिळाली.

एके वर्षी नगरीच्या तळ्याचा बांध फुटला. खालच्या आळीतली घरं वाहून गेली. तेलघाण्यांचा प्रमुख मणिभद्र, त्याची म्हातारी आई त्यात बुडाली. मणिभद्राचं दुःख खरं होतं, पण दुःखाला कुणीतरी धरायला लागतं. त्याच सकाळी वेणुक नावाचा परगावचा बुरूड बांधावर कोयत्याने वेत कापताना दिसला होता. झालं, यानेच बांध पोखरला म्हणून नगरी पेटली. बांध फोडणाऱ्याचा उजवा हात तोडायचा असा तिथला दंड होता. बुरुडाचा हात गेला की पोटही गेलं, हे सांगायला नको.

विशाख स्वतः बांधावर जाऊन पाहून आला. वेणुकाने वेत कापले होते तिथे बुंधे जागच्या जागी होते आणि खालची माती घट्ट होती. बांध फुटला होता पार दुसऱ्या टोकाला. तिथले दगड कधीचे ढासळले होते आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत सगळी नगरी दुरुस्ती टाळत आली होती. आपलं पाप झाकायला लोकांना परक्याच्या डोक्यावर खापर फोडायचं होतं. हे विशाखाच्या ध्यानात आलं, आणि शलाकेचा दिवस तर तोंडावर होता.

घरी त्याला चैन पडेना. ताटावर बसला की उठे, अंगणात गेला की परत येई. सुलसा, त्याची बायको, हे बघत होती.

“अहो, निवाडा थोडा पुढे ढकला,” ती म्हणाली. “शलाका पडून जाऊ देत. तुम्ही राहिलात तर त्या बुरुडाचा हातही राहील. तुम्ही गेलात तर तुमच्या आसनावर टपलेला तो पिंगल बसेल, आणि बुरुडाचा हात तोडीन असं त्याने चौकात सांगितलंच आहे.”

तिचं म्हणणं वेडगळ नव्हतं, आणि त्याचाच तर त्रास होता. विशाखाला ते पटायला लागलं होतं. तो चालत सुटला आणि बंदिशाळेवरून जाताना थबकला. खिडकीच्या गजांतून कैद्याचा चेहरा दिसला नाही, हात तेवढे दिसले. अंथरुणातलं गवत उपसून वेणुक चटई विणत होता. विणणं थांबत नव्हतं.

विशाख तिथून सरळ घरी आला. “नाही जमायचं,” तो सुलसेला म्हणाला. “लोकांनी मला तोलायचं आणि मी खरं वजन पदराआड ठेवायचं? आणि मी हरलोच तर? तो हात माझ्या लबाडीपायी जाईल.”

इतक्यात राजाचं बोलावणं आलं. सुबाहू मनाने चांगला, पण उतावळा.

“विशाखा, ऐकलं मी सगळं,” राजा म्हणाला. “एक दवंडी पिटवतो आणि शलाका कायमची बंद करतो. तू मरेपर्यंत न्यायाधीश. मग कुणाच्या बापाला भ्यायला नको.”

खरं सांगायचं तर विशाखाला क्षणभर फार बरं वाटलं. खांद्यावरचं ओझं कुणी उचलावं तसं. मग त्याला ते जुनं घोरणं आठवलं.

“महाराज, आज माझ्यासाठी भिंत बांधाल. उद्या तिच्याआड दुसरा झोपेल. मला काढायचा लोकांचा हक्क त्यांनी भांडून मिळवलाय. तो राहू द्या.”

“अरे, मग ते तुला काढतील ना.”

“काढतील बहुतेक,” विशाख म्हणाला आणि हात जोडून निघाला.

निवाड्याच्या दिवशी न्यायसभेत पाय ठेवायला जागा नव्हती. साक्षी झाल्या. लोक टोलाची वाट बघत कान टवकारून बसले. आत विशाख घंटेचा दांडा धरून होता. दोन टोल दिले की बाहेर काय ऐकू जाईल? फक्त दोन टोल. हा विकला गेला, एवढंच लोक म्हणतील. इतकी वर्षं आपण यांना नुसता आवाज दिला, कारण कधी दिलंच नाही. मग यांनी आपल्याला तोलायचं तरी कशावर?

त्याने दांडा ठेवला आणि पडदा ओढून खाली पाडला.

लोक माना उंचावून बघू लागले. मागून एक म्हातारी म्हणाली, “अगंबाई, एवढासाच आहे होय हा.”  विशाख उभा राहिला आणि बांधावर काय पाहिलं ते एकेक करून सांगितलं. ज्याला पटत नसेल त्याने जाऊन बघावं, असंही म्हणाला.

मणिभद्र उठला. “म्हणजे माझी आई आम्हीच मारली म्हणायची?”

“तिला पाण्यानं नेलं, मणिभद्रा. बांध आपण कुणीच राखला नाही, त्यात मीही आलो. पण वेणुकाने तो फोडला नाही.”

मग त्याने सगळ्यांसमोर घंटेवर दोन टोल दिले. एकदा पडलेला टोल फिरत नसे, हाही तिथला नियम. वेणुक दोन्ही हातांनिशी आपल्या गावी गेला.

शलाकेच्या दिवशी रांजण पालथा केला तेव्हा काळ्या काड्यांचा ढीग पडला. विशाखाला वाईट वाटलं, फार वाटलं. आसनाकडे त्याने एकदा वळून पाहिलं आणि नगरीबाहेरच्या आपल्या शेतावर राहायला गेला. तिथे मात्र त्याला गाढ झोप लागली.

पिंगल न्यायाधीश झाला. त्याने आल्या आल्या पडदा पुन्हा टांगायला घेतला, तर लोकच अडून बसले. “विशाखाने कारण सांगितलं होतं. तुम्हाला काय झालं सांगायला?” काळी टाकणारे हेच, आणि विशाखाचं नाव काढणारेही हेच. असे असतात लोक, काय करता?

पुढच्या शलाकेच्या तोंडावर धान्याच्या कोठाराला आग लागली. शेजारीच मणिभद्राचा घाणा. याच्याच तेलाने पेटलं, बांध फोडणाऱ्यासारखा याचाही हात तोडा, म्हणून तीच नगरी आता त्याच्यावर उठली. एकच टोल द्यायचा असं पिंगल घरूनच ठरवून आला होता. पण पडदा नव्हता. समोर मणिभद्राचं तोंड होतं आणि कारण बोलून दाखवायचं होतं. त्याने तोंड उघडलं, पण कारण काही सापडेना. पुन्हा साक्षीदार विचारले, पुन्हा अडखळला. शेवटी घाम पुसत त्याने दोन टोल दिले.

मणिभद्र सुटला तो घरी गेलाच नाही. तडक विशाखाच्या शेतावर आला. विशाख बांधावर बसून भाकरी खात होता. मणिभद्र त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मी काळी टाकली होती,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे. चौकात ओरडूनच टाकलीस की.”

मणिभद्राला हसू आलं नाही. तो खाली बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत रडू लागला. विशाखाने भाकरी मोडून अर्धी त्याच हातावर ठेवली.

“खा. काळी टाकलीस त्याचं मला काही नाही, तो तुझा हक्क होता. पण वेणुकाचा हात त्या रांजणात नव्हता, मणिभद्रा.”

एवढी कथा सांगून तथागत थांबले. ज्याच्यामुळे ती निघाली तो तरुण भिक्खू पुढेच बसला होता. तंटे मिटवायला संघाने निवडलेल्या थेरांनी, म्हणजे वडील भिक्खूंनी, त्याच्याविरुद्ध निर्णय दिला होता, म्हणून पुढच्या निवडीत यांना शलाका, म्हणजे आपलं मत, द्यायचं नाही, असं तो विहारभर सांगत सुटला होता.

“भिक्खूंनो,” तथागत म्हणाले, “त्या वेळचा राजा सुबाहू म्हणजे आजचा आनंद. सुलसा म्हणजे राहुलाची माता. वेणुक म्हणजे तुमच्या या थेरांतले सगळ्यांत वडील. विशाख मीच होतो.” मग ते त्या तरुण भिक्खूकडे वळले. “आणि मणिभद्र तू होतास, बाळा. अर्धी भाकरी तू तेव्हा खाल्लीस.”

भिक्खूने मान खाली घातली. स्तुती आली तरी झुकायचं नाही, निंदा आली तरी लपायचं नाही, आणि ज्यांच्यापुढे बसलो त्यांना कारण द्यायचं, अशी ही बोधिसत्त्वाची उपेक्षा पारमिता, म्हणजे कुणाकडेही न कलणाऱ्या समतोल मनाची पूर्णता.